धोका आढळून आला नाही

नवी टेंभुर्णवाडी, ता. लोहारा
८ जानेवारी २०२४

ती. व्यंकटमामांस,
सविनय जयभीम.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. मोबाईलवर लिहिलं तर उत्तरात नुसता अंगठा येतो. या वेळी अंगठ्यानं भागणार नाही, म्हणून हा कागद.

डिसेंबरपासून गावाखाली जमीन वाजते आहे. लांब कुठं सुरुंग उडाल्यासारखा एक आवाज येतो, खिडकीची तावदानं थरथरतात आणि मग सगळं पहिल्यासारखं होतं. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून दोनदा. तिसरीतली पोरं म्हणतात, "मॅडम, जमीन ढेकर देती." मीही हसते त्यांच्याबरोबर. हसता हसता डोळे वर जातात.

शाळेला दोनच खोल्या. भूकंपानंतर गाव नवीन जागी बसवलं तेव्हाच्या, म्हणजे तीस वर्षांच्या. पूर्वेच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून स्लॅबपर्यंत एक चीर गेली आहे. डिसेंबरात तिच्यात नख जात नव्हतं. आता जातं.

वरून कागद आला आहे. प्रत्येक प्रभारी मुख्याध्यापकानं वीस तारखेच्या आत लिहून द्यायचं: "सदर वर्गखोल्या विद्यार्थ्यांना बसण्यास सुरक्षित आहेत." खाली माझं नाव, सही, शिक्का. नाही दिलं तर एकतीसच्या एकतीस मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत, चार किलोमीटरवर. शाळा समितीचे अध्यक्ष कोंडीराम स्पष्टच म्हणाले, "पोरं जातील कशी तरी. पोरी न्हाय जायच्या, बाई. त्यांची शाळा इथंच संपली म्हणायची." आणि इंजिनिअर तपासायला येणार मार्च संपल्यावर.

मला चिरेपलीकडे काही दिसत नाही. म्हणजे "धोका दिसत नाही" असं मी लिहू शकते. "धोका नाही" असं कसं लिहू? हे मी आमच्या केंद्रप्रमुखांना, विरुपाक्ष सरांना विचारलं. ते हसले. "मॅडम, दिसत नाही म्हणजे नाही. एक देव सोडून." मी म्हटलं, "सर, आमच्यात तोही अपवाद नाही." त्यावर ते म्हणाले, "मग तर सोपंच झालं की. करा सही."

तुम्ही तीस वर्षं कोर्टात लोकांच्या साक्षी टाईप केल्या. कोणता शब्द कुठपर्यंत जातो, हे तुमच्याइतकं मला कुणी सांगणार नाही.

मी घाबरलेली नाही, काळजीत आहे, एवढंच.

आणखी एक. आमच्याकडं खिचडी शिजवणाऱ्या कडूबाई जुन्या गावापासूनच्या. त्या सांगत होत्या की भूकंपाच्या वर्षीही जमीन अशीच वाजायची आणि सगळे माळावर झोपायचे. भीतीपुढं गल्ल्या राहिल्या नव्हत्या, आईची वाकळ कडूबाईंच्या वाकळेशेजारी असायची. "मग एक दिवस भिमानं अंथरूण उचललं अन् आत गेली," म्हणाल्या. तीन-चार आठवड्यांनी ते सगळं झालं. मी तर तुमच्याकडं परंड्याला होते. आई आत का गेली असेल, मामा? तुम्हाला काही कळलं होतं का?

आजीच्या फोटोला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
संघप्रिया


परंडा
१४ जानेवारी २०२४

चि. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय तुझं. शिक्षिका आहेस, जरा लक्ष दे.

एक साक्ष सांगतो. बांधावरून मारामारी झालेली. बलभीम नावाच्या इसमाचं डोकं फुटलेलं. साक्षीदार सत्तरीचा म्हातारा. वकिलांनी विचारलं, "आरोपीनं काठी मारताना तुम्ही पाहिलं?" म्हातारा म्हणाला, "काठी वर गेलेली दिसली. मग बलभीमच्या डोक्यावर दिसली. मधलं म्या न्हाय पाहिलं." "का नाही पाहिलं?" "तवा शिंक आली." सगळं कोर्ट हसलं, साहेबसुद्धा. पण तीस वर्षांत माझ्यासमोर जेवढे साक्षीदार उभे राहिले, त्यांत आपल्याला काय माहीत आहे आणि ते कुठं संपतं हे नेमकं माहीत असलेला तो एकच. बाकीचे सगळे शिंकेतलंसुद्धा सांगायचे.

तेव्हा तुझा प्रश्न बरोबर आहे आणि तुझे विरुपाक्ष सर चूक आहेत. "नाही" हे खोलीबद्दलचं विधान आहे. "दिसत नाही" हे तुझ्याबद्दलचं. खोलीची हमी तू घेऊ नकोस, स्वतःची घे. खालचं वाक्य जसंच्या तसं उतरव:

"दि. … रोजी प्रत्यक्ष पाहणी केली असता, तांत्रिक ज्ञानाच्या अभावी माझ्या नजरेच्या मर्यादेत, सदर वर्गखोल्यांमध्ये तात्काळ धोका आढळून आला नाही."

यातला प्रत्येक शब्द तुझ्यासाठी राखणीला बसवला आहे. उद्या काही झालं तर कुठलाही वकील तुला यातून खाली खेचू शकणार नाही. चिरेचा उल्लेख वेगळ्या पत्रात कर आणि त्याची पोच घे. जास्त लिहू नकोस. जास्त लिहिणारा माणूस उलटतपासात सापडतो.

काळजी आणि भीती वेगळ्या, हे तू ठीक लिहिलंस. काळजीत माणूस दाराची कडी तपासतो. भीतीत तो दाराकडं बघत नाही.

तुझ्या आईचं विचारलंस. माणसं घरात झोपतात, त्याला कारण लागत नाही. इतकी वर्षं झाली. कडूबाईचं वय काय, तिला आठवतं काय. जुनं उकरून तुला आत्ता काही उपयोग नाही. चिरेकडं लक्ष दे.

तुझा,
व्यंकटमामा


नवी टेंभुर्णवाडी
२७ जानेवारी २०२४

ती. मामांस,
जयभीम.

तुमचं वाक्य उतरवलं. चिरेचं पत्र वेगळं दिलं, पोच घेतली. अठरा तारखेला सही केली. विरुपाक्ष सरांनी वाचून कागद डोक्याला लावला. "मॅडम, हे लिहिलंय कुणी? एवढ्या चांगल्या वाक्यात काय म्हटलंय तेच कळत नाही." आणि पुढं त्यांच्याजवळच्या तक्त्यात आमच्या शाळेसमोर एकच रकाना होता, 'सुरक्षित'. त्यात त्यांनी लिहिलं, 'होय'.

माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं, मामा. तुमचे सगळे राखणदार त्या दोन अक्षरांबाहेर उभे राहिले.

तरी मी मनाला समजावलं की मूळ कागद तर खरा आहे. संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावर कोंडीराम बोलले: "गावकऱ्यांनो, मॅडमनं लिहून दिलंय. काय बी धोका न्हाय. पोरं उद्यापासून वर्गात." धास्तीनं आईबाप पोरांना पाठवत नव्हते; दुसऱ्या दिवशी एकतीस मुलं आली. एकही गैरहजर नाही. एरवी मला किती आनंद झाला असता.

पुढचं तुम्हाला सांगायला हवं, कारण तेच सांगण्यासाठी पत्र लिहिते आहे.

महिनाभर अर्धं गाव अंगणात, रस्त्यावर झोपत होतं. थंडीत शेकोट्या करून. शाळा भरायला लागल्यापासून रोज दोन-चार खाटा कमी व्हायला लागल्या. परवा सकाळी शाळेत येताना मला रस्त्यावर एकही खाट दिसली नाही. म्हातारे धुळाप्पा ओट्यावर चहा पीत होते. त्यांच्या घराला मागून त्यांनी स्वतः दगड-मातीची खोली जोडली आहे, वर जड माळवद. म्हणाले, "बाई, तुमी लिव्हलं म्हणून म्या खाट आत घेतली. लई उपकार. हाडं गारठली व्हती."

मी म्हटलं, "आजोबा, मी शाळेच्या खोलीबद्दल लिहिलं होतं."

"मंग? शाळेखालची जमीन अन् आमच्याखालची काय येगळी हाय का?"

मी खोलीबद्दलही लिहिलं नव्हतं, माझ्या नजरेबद्दल लिहिलं होतं. ते त्यांनी जमिनीबद्दल वाचलं.

आणि आता मला लाज वाटते ते. मी स्वतः अजून अंगणातच झोपते. अंगावर स्वेटर, पायात बूट. सही केली त्या दिवशीही. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं वाटत होतं. परवाच दुपारी तांदूळ निवडता निवडता कडूबाई खाली बघूनच म्हणाल्या, "बाई, कागद आमच्यासाठी अन् अंगण तुमच्यासाठी व्हय?"

माणूस जे म्हणतो ते त्याला खरंच वाटतं का, हे कशावरून ठरवायचं, मामा? मी लिहिलं त्यावरून की झोपते कुठं त्यावरून? तुमच्या कोर्टात कागद चालतो, मला माहीत आहे. कडूबाईंच्या कोर्टात खाट चालते.

मागच्या पत्रात काळजी म्हटलं होतं. ते खोटं होतं. मी घाबरले आहे. मी दाराकडं बघत नाही, मी छताकडं बघते. गणित शिकवताना एकतीस डोकी मोजते आणि दारापर्यंतची पावलं मोजते. तुमच्या वाक्यानं मी वाचेन. छत नाही वाचणार. वाक्य करताना आपण दोघांनीही छताचा विचार केला नव्हता, हे मला परवा रस्त्यातच कळलं.

लवकर लिहा.

संघप्रिया


नवी टेंभुर्णवाडी
५ फेब्रुवारी २०२४

मामा,

तुमचं उत्तर नाही. तब्येत ठीक आहे असं तुमच्या सूनबाईंनी, गौरीवहिनींनी फोनवर सांगितलं. "दोनदा लिहायला बसले अन् कागद फाडला," म्हणाल्या. का?

आज सकाळी अकराच्या सुमारास मोठा आवाज झाला. नुसता आवाज नाही, धक्का होता. फळ्यावरचा खडू खाली पडला. मुलं मी शिकवल्याप्रमाणे रांगेनं जायला हवी होती, ती ढकलाढकलीत दारात अडकली. पूर्वेच्या खोलीतला गिलावा हाताएवढा पडला. कुलदीपची राजेश्वरी तिथं बसते. दोन मिनिटं आधी ती पाणी प्यायला उठली होती. कुणाला काही लागलं नाही. कुलदीप म्हणजे कोंडीरामचा मुलगा, लग्नाचे मंडप घालतो. तो आला, गिलावा हातात घेतला, माझ्याकडं बघितलं आणि राजेश्वरीला घेऊन गेला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी उद्यापासून मुलांना बाहेर बसवते आहे. पण कागद अजून तिथंच आहे. गाव अजून आत झोपतं. कोंडीराम म्हणतात, "गिलावाच पडला न्हवं? छत तर न्हाय पडलं. तुमचा कागद खराच हाय की." माझाच कागद मला दाखवून मलाच धीर देतात.

तो मागं घेतला तर मी आधी खोटं लिहिलं असं होईल. नाही घेतला तर? मी खोटं लिहिलं नव्हतं. फक्त खरं होतं तेवढंच लिहिलं. ही दोन वेगळी कशी, हे मला आजच्या आज कुणीतरी सांगा.

संघप्रिया


परंडा
१० फेब्रुवारी २०२४

चि. संघप्रिया,

दोनदा नाही, चारदा फाडला. हा फाडायच्या आत गौरीला पोस्टात टाकायला देतो आहे.

तू विचारलं होतंस की तुझी आई आत का गेली. मी उत्तर टाळलं. उत्तर मला माहीत होतं.

त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये भिमाबाईनं कुणाकडून तरी लिहून घेऊन मला पत्र पाठवलं. तुला पावसाळ्यात माळावर ताप यायला लागला म्हणून तिनं तुला आमच्याकडं आणून सोडलं होतं, त्याला दीड महिना झाला होता. पत्रात एवढंच होतं: दादा, पोरीबिगर करमत नाही. गणपती झाल्यावर तिला आणावी म्हणते. पण जमीन वाजती. घरात झोपलेलं चालंल का? तुम्ही कोर्टात असता, मोठी माणसं येतात, विचारून कळवा.

मी कुणालाही विचारलं नाही. कुणाला विचारायचं, तेही मला ठाऊक नव्हतं. माझी बहीण घाबरली आहे, तिला धीर द्यायचा, एवढंच डोक्यात होतं. दुपारची सुट्टी होती. समोर टाईपरायटर होता, त्यात कागद लावलेला होता. मी हातानं लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं? "भिमा, भिऊ नको गं, काही होत नाही." धाकट्या बहिणीला सांगतात तसं. पण बोटांना टाईपरायटरवर ते लिहिता येत नाही. बोटांनी लिहिलं: "घाबरण्याचे कोणतेही कारण नाही. घरात झोपण्यास हरकत नाही." खाली व्यं. स. कांबळे. आणि सवयीनं तारखेचा शिक्का.

धीर देणं वेगळं आणि माहिती देणं वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं. आईनं लेकराला "काही होत नाही" म्हटलं तर ते खरं की खोटं, हे कुणी तपासत नाही. ते हात धरण्यासारखं असतं. मी बहिणीचा हात धरायला गेलो आणि तिच्या हातात हुकूम गेला. तिनं तो गावात दाखवला असणार. कोर्टात असलेल्या भावाचा टाईप केलेला, शिक्क्याचा कागद. ती अभिमानानंच दाखवणार. किती जणांनी वाचला, किती अंथरुणं आत गेली, मी कधीही विचारलं नाही. तिथं पोचलो तेव्हा विचारण्यासारखी माणसं फार उरली नव्हती, आणि जी होती त्यांच्या तोंडाकडं मला बघवलं नाही. भिमा आणि तुझे वडील. तेवढे मोजले आणि परत आलो.

ते खोटं नव्हतं, संघू. खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं. मला काहीच माहीत नव्हतं. चूक म्हणावी तर चूक करणारा बरोबर करायला निघालेला असतो. मी शोधायलाच निघालो नव्हतो. निष्काळजी म्हणावं तर माझ्याइतकी तिची काळजी दुसऱ्या कुणाला नव्हती. अपघात म्हणावं तर प्रत्येक अक्षर मी माझ्या बोटानं दाबलं होतं. तीस वर्षं मी शब्दांच्या खुर्चीत बसलो आणि या एका गोष्टीला बसेल असा शब्द मला सापडला नाही.

आणि जानेवारीत तू विचारलंस तेव्हा मी पुन्हा तेच केलं. तू छताबद्दल विचारत होतीस, मी वकिलाबद्दल उत्तर दिलं. या वेळी मला मात्र आपण फार सावध आहोत असं वाटत होतं.

तुला आजच्या आज उत्तर हवं होतं, ते पाच दिवसांनी देतो आहे. खरं तेवढंच बोलणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे. पण ऐकणारा त्या बोलण्यावर अंथरूण घालणार असेल, तर तो फरक फक्त बोलणाऱ्याच्या कामाचा आहे.

कागद मागं घे. नोटीस येईल, येऊ दे. माझ्या वाक्यातला एकही शब्द वापरू नकोस. त्यांना कळेल असं सांग.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुला अवघड जाईल असं काहीतरी मागणं होईल.

व्यंकटमामा


नवी टेंभुर्णवाडी
२४ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,

तुमचं पत्र पंधराला मिळालं. ते वाचून मी शाळेत गेले, दिवसभर शिकवलं आणि घरी येऊन पुन्हा वाचलं. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी इथलं.

अठराला रविवारी सकाळी ग्रामपंचायतीपुढं लोकांना बोलावलं. मी लिहून नेलं होतं, पण कागद हातात धरला तर तो पुन्हा कागदच होईल, म्हणून पिशवीत ठेवला. म्हटलं, "मी जे लिहून दिलं ते शिकलेल्या माणसानं स्वतःला वाचवायला लिहिलेलं होतं. आज ते मागं घेते. शाळेची खोली सुरक्षित आहे का, मला माहीत नाही. तुमची घरं सुरक्षित आहेत का, मला माहीत नाही. मी स्वतः रोज बाहेर झोपते, कारण मला भीती वाटते."

मग कोंडीराम उठले. "बाई, म्हैन्यात पलटी मारायला तुमी काय पुढारी हाव का?" लोक हसले. कोंडीराम पुढं म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हाय, मग म्हाईत कुणाला हाय?"

"कुणालाच नाही."

तेव्हा धुळाप्पा मागून म्हणाले, "आता कसं! इतके दिस जो येतो त्यो सांगायलाय, म्हाईत हाय, म्हाईत हाय. त्येचंच मला भ्या वाटायलं होतं." आणि कुलदीपला म्हणाले, "ए मंडपवाल्या, हिकडं बघ. माझी खाट धर एका बाजूनं."

सगळे घराबाहेर झोपायला निघाले नाहीत. साधारण निम्मे. काही म्हणाले, बाईचं डोकं फिरलंय. काहींना ते पटवून घेणं सोपं गेलं, कारण बाहेर अजून गारठा आहे. त्यांना मी जबरदस्ती करू शकत नाही. पण आता ते आत झोपतात ते स्वतःच्या मतानं, माझ्या सहीवर नाही. यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. कालही जमीन वाजली तेव्हा मी त्याच घरांकडं बघितलं.

कुलदीपनं शाळेला मंडप दिला, लग्नसराई लागेपर्यंत. मागच्या पडद्यावर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलंय, त्याच्यापुढं आमचा फळा. पहिलीची पोरं आता सगळ्यात आधी तोच शब्द वाचायला शिकली. कारणे दाखवा नोटीस आली आहे. सात दिवसांत खुलासा द्यायचा. पण कागद मागं घेतल्याचं लेखी गेल्यावर मार्चनंतर येणारे इंजिनिअर पुढच्या बुधवारी येणार असं विरुपाक्ष सरांनी सांगितलं. आवाज उतरलेला होता त्यांचा. जाताना म्हणाले, "मॅडम, माझ्या तक्त्यात 'माहीत नाही' असा रकानाच नव्हता हो." ते मला खरं वाटलं.

आता तुमचं पत्र.

काल मी कडूबाईंना विचारलं, आई आत गेली तेव्हा एखादा कागद आला होता का. चुलीत लाकूड सारता सारता त्या थांबल्या. "व्हय की. टायपाचा कागद. शिक्क्याचा. भिमा पोलक्यात ठिवायची. पंधरा जणांनी वाचून घेतला आसंल. सरकारचा व्हता त्यो, 'घरात झोपा' म्हणून. त्येच्यावरच आमी बी आत गेलो." मग लाकूड आत सारलं आणि म्हणाल्या, "माझी दोघं गेली. थोरली सात वर्साची, धाकटा चार." आणि मग मलाच धीर दिल्यासारखं, "सरकारला तरी काय कळतंय जमिनीच्या पोटातलं? न्हाय का, बाई?"

त्यांनी सरकारला माफ केलंय, मामा. तीस वर्षांपूर्वीच. कागद कुणी लिहिला होता हे त्यांना माहीत नाही, आणि मला माहीत आहे. मी गप्प राहिले. तुम्ही एरवी म्हणाला असता की गप्प राहणं वेगळं, लपवणं वेगळं. त्या चुलीपुढं मला तो फरक सापडला नाही. त्यांनी मला खिचडी वाढली आणि मी ती खाल्ली.

मी तुमच्यावर रागावले आहे का? मला माहीत नाही. हे वाक्य हल्ली मी खूप वापरते, पण खरं असतं तेव्हाच वापरते. तुम्ही मला वाढवलंत, शिकवलंत, नोकरीच्या मुलाखतीला बसमध्ये उभं राहून घेऊन गेलात. ती माया होती की भरपाई, असं परवा मनात आलं. मग वाटलं, ती दोन वेगळी असायलाच हवीत असं कुठं आहे? वाटलं आणि पुन्हा राग आला. असं चाललंय.

आईबद्दल मी तुम्हाला काय म्हणायचं ते कधीतरी म्हणेन. पण कडूबाईंच्या दोघांबद्दल मी बोलू शकत नाही. ते माझं नाही. तुम्ही या. त्यांच्यासमोर बसा आणि सांगा की तो सरकारचा कागद नव्हता.

त्या काय करतील, मला सांगता येत नाही. मला त्याची भीती वाटते, आणि तुमचीही वाटते. पण या.

संघप्रिया


परंडा
२९ फेब्रुवारी २०२४

चि. संघप्रिया,

येत्या रविवारी, तीन तारखेला येतो. सकाळच्या गाडीनं धाराशिव, तिथून लोहारा. पुढं जीप मिळेल. गौरी बरोबर येते म्हणत होती, नको म्हटलं.

काय बोलायचं त्याची तयारी करत नाही. केली की वाक्यं जमायला लागतात.

एक काम तुझ्याकडं. कडूबाई काय म्हणतील ते मला ऐकू येणार नाही. ओठांवरून मला गौरीचं कळतं, तुझं थोडं कळतं, त्यांचं कळणार नाही. म्हणून तू शेजारी वही घेऊन बस आणि त्या बोलतील ते लिहून मला दे. कोर्टात आम्ही साक्षीदाराचं बोलणं कधी तसंच लिहीत नसू. तो छाती पिटून काही म्हणायचा, आम्ही टाईप करायचो, "साक्षीदार व्यथित झाला." शिवी दिली तर "अपशब्द उच्चारले." मीच हजारो वेळा केलं आहे ते. तू करू नकोस. त्या मला जे म्हणतील, ज्या शब्दांत म्हणतील, ते तसंच लिही. माझं वय बघून एखादा शब्द गाळू नकोस. काहीच बोलल्या नाहीत, तर कागद कोरा दे.

मी तो तिथंच, त्यांच्यासमोर वाचेन. वाचून होईपर्यंत तू उठून जाऊ नकोस.

मला फार भीती वाटते आहे, संघू.

व्यंकटमामा